आपली माणसं, आपल्या वस्तू आणि तैलरंग

साशंक : हल्ली चित्रांच्या प्रदर्शनात एक भिंत ठरलेली असते. मर्फीचा रेडिओ, पितळी बंब, पानाचा डबा आणि अडकित्ता, चावीचं एचएमटी घड्याळ, पत्र्याची ट्रंक आणि ट्रंकेवर झोपलेलं मांजर. शेजारी चित्रकाराची आजी, नऊवारीत, खिडकीच्या उजेडात बसलेली. सगळं तैलरंगात, पितळेवरची चमक हुबेहूब. लोक समोर थांबतात आणि एकमेकांना सांगू लागतात, 'आमच्याकडे अगदी असाच होता.' माझा आक्षेप इथून सुरू होतो. ते चित्राबद्दल बोलतच नाहीत, आपल्या घराबद्दल बोलतात. चित्रकाराने नुसती खूण दाखवली. बाकीचं सगळं बघणाऱ्याने पदरचं घातलं. रेडिओचा फोटो लावला असता तरी हेच झालं असतं. जुन्या बाजारातला खरा रेडिओ आणून ठेवला असता, तर कदाचित जास्तच झालं असतं. मग महिनाभर खपून रंगवलं, त्यातून वाढलं काय? कौशल्य आहे, ते मी नाकारत नाही. पण डोळ्यांत पाणी आणणारी गोष्ट आधीच बघणाऱ्याच्या मनात तयार होती, आणि चित्र तिच्या जिवावर उभं आहे. ज्याच्या घरी मर्फी नव्हता, त्याला ते चित्र काय देतं? तो समोरून सरळ पुढे जातो. अशा चित्राला मी उसनवारीचं चित्र म्हणतो.

रसिक : तुमच्या आक्षेपाचा निम्मा भाग मला मान्य आहे. पण विषयावरून चित्राची पायरी ठरवायची खोड फार जुनी आहे आणि ती फसलेली आहे. 1667 मध्ये फेलिबियँ या कलालेखकाने फ्रान्सच्या चित्रकला अकादमीसाठी चित्रप्रकारांची उतरंड मांडली. इतिहास-पुराणाची चित्रं सर्वांत वर. माणसांची, जनावरांची त्याखाली. फळं, फुलं, भांडी तळाशी. साठेक वर्षांनी, 1728 मध्ये, त्याच अकादमीने चित्रकार शार्दँला आत घेतलं ते जनावरं आणि फळं रंगवणारा म्हणून, म्हणजे खालच्या पायरीवर. त्याने दाखवलेल्या चित्रात टांगलेला, पोट फाडलेला पाकट मासा आहे, काही भांडी आहेत आणि कालवांवर पाय ठेवून पाठ फुगवलेलं मांजर आहे. आज ते लूव्र संग्रहालयात आहे, आणि त्या काळच्या कित्येक देवादिकांच्या चित्रांची नावंही कुणाला आठवत नाहीत. तेव्हा रेडिओ रंगवला म्हणजे चित्र हलकं झालं, असं म्हणता येणार नाही. राहिला लोकांचा प्रश्न. 'आमच्याकडे असाच होता' म्हणणाऱ्या बाईला मी तुच्छ लेखणार नाही. तिच्यासाठी चित्राचं दार तिथून उघडलं. आत गेल्यावर तिला आणखी काही दिसतं की नाही, यावर चित्राची परीक्षा करा.

साशंक : शार्दँचं उदाहरण तुमच्या विरोधात जातं. त्याच्या चित्रातलं तांब्याचं पाण्याचं पिंप त्याच्या काळच्या स्वयंपाकघरात रोज भरलं जात होतं. ते त्याला जुनं नव्हतं. त्याचं मांजर कालवं पळवायला आलं होतं, ट्रंकेवर गोजिरवाणं दिसायला नव्हे. वापरातली वस्तू आणि वापरातून गेलेली वस्तू यांत मोठा फरक आहे. वापरातल्या वस्तूवर काजळी असते, तिचा कान तुटलेला असतो, तिच्यावर कुणीतरी चिडलेलं असतं. वापरातून गेली की ती घासूनपुसून शोकेसमध्ये जाते आणि तिचा पोचाही देखणा वाटायला लागतो. जात्याचं बघा. जातं रंगवणाऱ्यांची आज वाण नाही. दगडाचा पोत, खुंट्यावर पडलेली उन्हाची तिरीप, शेजारी सुपात धान्य. पण जातं ही पहाटे उठून पायली-पायलीचं दळण दळणाऱ्या बाईच्या खांद्याची आणि मनगटाची गोष्ट आहे. गावात पिठाची गिरणी आली, तेव्हा जातं गेल्याचं तिला दुःख झालं असेल असं मला वाटत नाही. दुःख झालं ते नातवाला, ज्याने ते कधी ओढलं नाही. चित्रात त्या नातवाची आठवण आहे, बाईची नाही. आणि घरातल्या जुन्या वस्तू आठवायला आधी घर लागतं, वस्तू टिकाव्या लागतात, सांभाळून ठेवायला माळा लागतो. ज्यांनी दर दोन वर्षांनी बिऱ्हाड हलवलं, ज्यांच्या घरात पितळ आलं की गहाण पडायचं, त्यांच्या आठवणी या भिंतीवर नाहीत. म्हणून 'आपल्या सगळ्यांचं बालपण' असं प्रदर्शनाच्या पत्रिकेवर छापलेलं वाचलं की मला राग येतो.

रसिक : तो राग योग्य आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. जात्याच्या चित्रात बाईचा खांदा दिसत नसेल, तर ते चित्र अपुरं आहे. पण दोष आठवणीचा आहे की अर्धवट पाहण्याचा? मला वाटतं, पाहण्याचा. आणि तैलरंग इथे कामाला येतो. जलरंग पाणी उडून सुकतो. तैलरंगातलं जवसाचं तेल उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं. एक थर हाताला कोरडा लागायला काही दिवस जातात, आणि वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल जास्त ठेवावं लागतं, नाहीतर रंगाला तडे जातात. म्हणजे काम करणाऱ्याला थांबावंच लागतं. सोमवारी रंगवलेला बंब तो गुरुवारी पुन्हा पाहतो. आठवणीतला बंब सोनेरी असतो. समोरचा बंब तळाशी हिरवट काळा असतो, त्याची एक बाजू खिडकीचा निळा उजेड घेते, तोटीपाशी डाग असतो. प्रामाणिक चित्रकाराला प्रत्येक बैठकीत आठवणीची थोडी थोडी दुरुस्ती करावी लागते. इटालियन चित्रकार मोरांदी बोलोन्यातल्या घरात तीन बहिणींसोबत राहिला आणि निजायच्या खोलीतच त्याच त्या बाटल्या, बरण्या, डबे आयुष्यभर रंगवत राहिला. त्यांच्यावर धूळ साचू द्यायचा, काहींना तर आधी रंग फासून त्यांची चमक आणि ओळख घालवायचा. त्या बाटल्यांशी कुणाचंही बालपण जोडलेलं नाही, तरी त्यांच्यासमोरून हलवत नाही.

साशंक : म्हणजे चित्र चांगलं व्हावं म्हणून मोरांदीने वस्तूची आठवण आधी मारून टाकली! हे माझंच म्हणणं झालं. आणि थांबावं लागतं म्हणून माणूस प्रामाणिक होतो, हे मला पटत नाही. थांबायला मिळालं की काही जण गोडवा वाढवत बसतात. सुरकुती मऊ करायची, मांजराच्या डोळ्यात एक जास्तीचा ठिपका ठेवायचा, सगळ्यावर तपकिरी सोनेरी पातळ हात फिरवायचा. जुन्या चित्रांवरचं व्हार्निश कालांतराने पिवळं पडतं. नव्या चित्राला तो पिवळेपणा मुद्दाम दिला की ते आपोआप हळवं दिसायला लागतं. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की तपकिरी रंगात बुडालेली आजी दिसली की मी आधी विचारतो, हिच्या खोलीत खरंच इतका अंधार होता का? तुम्ही मला असा एक चित्रकार दाखवा ज्याने आठवण मारली नाही, उलट आठवणीतूनच रंगवलं आणि तरी चित्र लाडीक झालं नाही.

रसिक : बोनार. दक्षिण फ्रान्समधल्या ल काने गावात त्याचं छोटं घर होतं. बायको मार्त, आणि डॅशहुंड जातीचा कुत्रा. मार्त तासन्‌ तास टबात पडून राहायची. बोनार तिला समोर बसवून तैलचित्र काढत नसे. रोजच्या खिशातल्या डायरीत पेन्सिलीने चार रेघा ओढायच्या, उजेडाची नोंद करायची आणि मग भिंतीवर टाचलेल्या कॅनव्हासवर आठवणीतून रंगवायचं. समोर वस्तू असली की ती आपल्याला भुलवते अशी त्याची धारणा होती. तुमच्या-माझ्या वादाच्या अगदी उलट टोकाची. 1941 मध्ये त्याने टबातली मार्त आणि मोरीतल्या पायपुसण्यावर बसलेला कुत्रा असं एक चित्र सुरू केलं. जानेवारी 1942 मध्ये मार्त गेली. बोनारने चित्र सोडलं नाही. 1946 पर्यंत तो त्यावर काम करत राहिला आणि 1947 च्या जानेवारीत तोही गेला.

आता चित्रात काय आहे ते बघा. मार्त सत्तरी ओलांडलेली होती, पण चित्रातलं शरीर तरुण आहे. तुम्ही म्हणाल, हाच तो गोडवा. थांबा. ते शरीर पाण्यात जवळजवळ विरघळलेलं आहे, चेहरा वाचता येत नाही. टब वाकडा झाला आहे, भिंतीच्या फरश्या जांभळ्या, नारिंगी, पिवळ्या होऊन हलतायत. त्या छोट्या न्हाणीघरात असा उजेड असणं शक्य नाही. सगळ्या चित्रात ठाम बसलेला एकच जीव आहे, कुत्रा. तो पायपुसण्यावर आहे, इकडे बघतोय. माणूस आठवणीत कसा उरतो, कुठे धूसर होतो, कुठला रंग मागे राहतो, याचा इतका खरा तपास मी दुसऱ्या चित्रात पाहिलेला नाही. 'ती अशी होती' असं बोनार म्हणत नाही. ती आता इतकीच हाती लागते, असं तो कबूल करतो. ज्याची मार्त नव्हती, ज्याने तो टब पाहिला नाही, त्यालाही ते कळतं. उसनवारी नाही यात.

साशंक : हे चित्र मला हलवतं, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. तरी एक गोष्ट टोचते. मार्तला म्हातारं व्हायची परवानगी नवऱ्याने दिली नाही. आयुष्यभर तो तिला आपल्या आठवणीतल्या वयात ठेवत राहिला. प्रेम असेल, पण ते तिच्यावरचं की स्वतःच्या तरुणपणावरचं? आपल्या माणसाला रंगवताना हा धोका नेहमी असतो. आपलं माणूस म्हणजे आपल्या ताब्यातला विषय. म्हणून मला लुशियन फ्रॉइड जवळचा वाटतो. तो समोर माणूस असल्याशिवाय रंगवत नसे. 1970 मध्ये वडील गेले आणि आई खोल निराशेत गेली. 1972 पासून कितीतरी वर्षं तो तिला स्टुडिओत आणून बसवत होता. तिच्या पांढऱ्या केसांत, तिच्या सुटलेल्या नजरेत कसलीही साखर नाही. पूर्वी आईचं सतत आपल्यावर लक्ष असे म्हणून तो तिला टाळायचा. तिला जगातल्या कशातच रस उरला नाही, तेव्हा त्याला तिच्याकडे बघता आलं. किती कठोर आहे हे, पण खरं आहे. त्यात 'माझी माउली' नाही. एक म्हातारी बाई आहे, जिला मुलाने रंगवलं की परक्याने, याचं काहीच वाटत नाही.

रसिक : कठोर म्हणता, पण आठवड्यामागून आठवडे आईला घेऊन यायचं, बसवायचं, तिच्यासमोर तासन्‌ तास उभं राहायचं, याला तुम्ही काय म्हणाल? आपल्यापैकी कितीजण म्हाताऱ्या आईसमोर काहीही न बोलता दोन तास बसतात? चित्रात माया दिसली पाहिजे असा आग्रह मीही धरत नाही. माया वेळात गेली. आणि हाच फ्रॉइड कुत्र्याच्या बाबतीत बघा. प्लूटो ही त्याची व्हिपेट कुत्री. तिला त्याने पुष्कळदा रंगवलं, माणसांच्या शेजारी झोपलेली, हातपाय ताणलेली. ती गेल्यावर 2003 मध्ये त्याने तिची बागेतली कबर रंगवली. चित्रात कुत्री नाही. वाळकी पानं आहेत, नुसती पानं. समोर जे नाही ते तो रंगवणार नव्हता, म्हणून जे समोर होतं तेच रंगवलं. आठवणीतून रंगवणारा बोनार आणि समोरचंच रंगवणारा फ्रॉइड, दोघेही कुत्र्यापाशी येऊन पोचले, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं.

साशंक : फ्रॉइडने पानं रंगवली. आज लोक काय करतात? कुत्रा गेला की मोबाइलमधला फोटो चित्रकाराला पाठवतात आणि कॅनव्हासवर तैलचित्र मागवतात. फोटोत फ्लॅशने डोळे चकाकलेले, नाक भिंगामुळे मोठं झालेलं, मागे सोफा. चित्रकार सोफा काढून टाकतो, मागे तपकिरी धुरकट रंग भरतो, केस एकेक करून काढतो. त्याने तो कुत्रा कधी पाहिलेला नाही. तो जिना कसा चढायचा, पावसात त्याचा वास कसा यायचा, कुणाला बघून गुरगुरायचा, काही माहीत नाही. कुठे बघायचं हे फोन आधीच ठरवून बसला आहे. तैलरंग इथे केवळ दर्जा वाढवण्यासाठी आहे, कागदी फोटोपेक्षा भारी वस्तू म्हणून.

रसिक : ज्याच्या घरातला मुका जीव गेला आहे त्याच्याशी मी यावर वाद घालणार नाही. त्याला भिंतीवर काहीतरी हवं आहे आणि कुणीतरी त्यासाठी आठवडाभर हात चालवला, याचं त्याला मोल आहे. पण चित्र म्हणून तुमचं बरोबर आहे. चित्रकार डेव्हिड हॉकनीने 1995 मध्ये स्टॅनली आणि बूजी या आपल्या दोन कुत्र्यांची पंचेचाळीस तैलचित्रं केली. त्यासाठी घरभर बैठे ईझल मांडून ठेवले, कारण दारावर थाप पडली की कुत्रा उठणार, मिळेल तेवढ्या वेळात रंग लावायचा. जवळचे मित्र गमावल्याच्या काळात त्याने हे केलं. कुत्रे बहुतेक झोपलेले आहेत, उशांत पोट रुतलेलं. कुत्र्याला आपण चांगले दिसावं अशी हौस नसते, चित्र कसं झालं हे तो बघत नाही. आपलं माणूस ताब्यात ठेवण्याचा तुमचा मुद्दा होता. ताब्यात न येणारा नमुना घरात असतो तो हाच.

साशंक : तुम्ही सगळी उदाहरणं परदेशची दिलीत.

रसिक : मग घरचं घेऊ. सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम हळदणकर. हातात समई घेतलेली, ज्योतीवर तळहात धरलेली स्त्री. 1945-46 चं काम, जलरंगातलं आहे, तैलरंगातलं नाही, पण आपल्या प्रश्नासाठी ते घेतलंच पाहिजे. आज ते म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. कितीतरी लोक ते रविवर्म्याचं समजतात. समोर उभी होती ती हळदणकरांची मुलगी गीता. हे ठाऊक नसलेले हजारो लोक त्या बोटांमधून झिरपणाऱ्या उजेडापाशी थांबतात. घरातली मुलगी सगळ्यांची झाली.

साशंक : झाली, पण गीता कुठे गेली? तिचं वय, तिचा स्वभाव, त्या दिवशी तिचा हात दुखला असेल, यातलं काही उरलेलं नाही. उरली ती मंगल, शालीन, दिवा घेतलेली स्त्री, तीही नाव नसलेली. लोकांना ती रविवर्म्याची वाटते ती याचमुळे. सगळ्यांची होण्याची किंमत मुलीने दिली. उजेडाचं काम थोर आहे यात वाद नाही. पण घरच्या माणसाचं चित्र म्हणून मी ते धरणार नाही.

रसिक : मग खुद्द रविवर्म्याचं धरा. 1893 चं तैलचित्र, 'देअर कम्स पापा'. मुलगी महाप्रभा, तिच्या कडेवर तिचा लहानगा, पायाशी कुत्रा. बाबा येतायत म्हणून ती बाळाला दाखवते आहे. कुटुंब, बाळ, पाळीव प्राणी, तुमच्या भिंतीवर शोभेल असं सगळं. पण बाबा चित्रात नाहीत. केरळातल्या त्या घराण्यांत वंश आईकडून चाले. मूल आईच्या घरचं, बाप येऊन-जाऊन असायचा. त्याच सुमाराला तिथे या पद्धतीवर जोरदार वाद चालू होता आणि 1896 मध्ये मलबारचा विवाह कायदा आला. हे कळलं की चौकटीबाहेरची ती जागा भरून येते. रविवर्मा स्वतःही वर्षानुवर्षं घराबाहेर, बडोद्याला, मुंबईला राहिलेला बाप होता. कौटुंबिक गोड चित्र म्हणून ज्याच्यासमोर आपण थांबलो, त्यात एका समाजाचा अख्खा वाद उभा आहे.

साशंक : आणि त्या वादात चित्राने एक बाजू घेतली आहे, हेही म्हणा. बापाची वाट बघणारी आई आणि मूल हे कुटुंबाचं सुंदर रूप, असं ते शिकवतं. आईच्या घराण्यात स्वतःच्या हक्काने राहणाऱ्या बायका त्यात मागे पडल्या. गोडवा तिथे निरुपद्रवी नाही, तो काम करतो आहे. पण एवढं मी मान्य करतो, की हा गोडवा वाचता येतो, त्याच्याशी भांडता येतं, कारण रविवर्म्याने एक जागा रिकामी सोडली. मघापासून तुम्ही जी चित्रं दाखवलीत त्या सगळ्यांत काहीतरी कमी आहे. बोनारमध्ये चेहरा, फ्रॉइडमध्ये कुत्री, इथे बाप. बघणारा तिथे अडकतो. उसनवारीच्या चित्रात काहीच कमी नसतं, पितळेची शेवटची चमकसुद्धा जागेवर असते.

रसिक : कमी ठेवणं हाही उद्या साचा होईल. रिकामी खुर्ची, रिकामा झोपाळा रंगवून लोक खोल असल्याचा आव आणतील. आणतातच. ठरवून सोडलेली जागा आणि हाताला न लागल्यामुळे राहिलेली जागा, या दोन्ही कॅनव्हासवर सारख्याच दिसू शकतात. बोनारला मार्तचा चेहरा जमला नाही की त्याने टाळला, हे मी खात्रीने सांगू शकत नाही.

साशंक : मीही नाही. तेव्हा आपण दोघंही चित्रामागे गेलेल्या वेळावर भरवसा ठेवतो आहोत, आणि वेळ तर चित्रात मोजता येत नाही. तरी घरच्या माणसांचं चित्र करून घेऊ पाहणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. आईचं, आजोबांचं, कुत्र्याचं तैलचित्र हवं असेल, तर ते असतानाच करून घ्या. फोटो पाठवू नका, चित्रकाराला घरी बोलवा, चार-सहा दिवस बसू द्या, आणि आजीने 'माझे हात असे काळवंडलेले काढू नकोस' म्हटलं, तरी काय काढायचं ते त्या दोघांना ठरवू द्या. जातं रंगवणार असाल, तर ते ओढलेली बाई अजून हयात आहे का ते आधी विचारा, आणि असेल तर तिला चित्राशेजारी बसवून बोलतं करा.